हजीऱ्याच्या काट्यावर एक हलकी गाडी

सुरतेहून हजीऱ्याकडे निघालं की इच्छापोर मागे पडल्यापासून आपली गाडी लहान होत जाते. गाडी असते तेवढीच, पण शेजारून जे धावत असतं ते मोठं होत जातं. आधी साधे ट्रक, मग चौदा चाकी, मग बावीस चाकी, मग पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या लादलेले ट्रेलर. अशी एकेक गुंडाळी वीस-पंचवीस टनांची असते आणि ती साखळ्यांनी बांधलेली आपल्या खिडकीशेजारी डुलत असते. मोरा टेकऱ्यापर्यंत येताना नवशिका ड्रायव्हर आपोआप नम्र होतो.

गणपतीत मंडळात नवीन आलेली मुलं विचारतात, हजीऱ्यात बघण्यासारखं काय आहे? सुरत म्हटलं की आपल्याकडे १६६४ साल निघतं, पण तो मामला शहरातला. हजीरा म्हणजे तापीचं मुख. पलीकडच्या काठावर डुमस, अलीकडे सुवाळीचा किनारा. १६१२ मध्ये याच सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या ताफ्याशी लढाई केली. आज तिथे रविवारी मक्याची कणसं आणि उंटाची सवारी मिळते. बाकी सगळे कारखाने. खताचे, वायूचे, पोलादाचे, विजेचे. तेव्हा मी मुलांना सांगतो, हजीऱ्यात बघण्यासारखं म्हणजे वजन. फ्रान्समध्ये अणुसंमीलनाचा जो ‘इटर’ प्रकल्प उभा राहतोय, त्याच्याभोवतीचं ३,८५० टनांचं क्रायोस्टॅट नावाचं प्रचंड पिंप लार्सन अँड टुब्रोच्या इथल्या कारखान्यात तुकड्यातुकड्यांनी घडलं आणि जहाजाने गेलं. ‘के-९ वज्र’ ही सैन्याची स्वयंचलित तोफ इथेच तयार होते. सुमारे पन्नास टन वजन, हजार अश्वशक्तीचं इंजिन.

अशा गावात मी गेल्या हिवाळ्यात एक टनाच्या आतली, दोन सीटची, साठ अश्वशक्तीची जुनी गाडी आणली. हिशोब केला तर वज्र तोफेला टनामागे वीस अश्वशक्ती मिळतात, माझ्या गाडीला साठाहून जास्त. तोफेला तिप्पट भारी पडणारी गाडी, असं मी घरी सांगून पाहिलं. बायको हसली नाही.

थोडं मागचं सांगतो. बाबा १९९० साली अमळनेरहून, उधना–जळगाव लाइनीच्या गाडीत एक ट्रंक घेऊन इथे आले. एका कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासायची नोकरी लागली आणि तीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं. जोड फोडून न बघता त्याच्या आत काय आहे ते ओळखायचं. मी त्याच टाउनशिपमध्ये वाढलो, मेकॅनिकलला बी.ई. केलं आणि सगळे होतात तसा सॉफ्टवेअर इंजिनिअर झालो. पण कॉलेजात आम्ही पिथमपूरच्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी एक बग्गी बांधली होती. सगळ्या संघांना इंजिन एकच, दहा अश्वशक्तीचं. ताकद वाढवायची सोयच नाही. मग उरतं काय? वजन. पाइपाचा एकेक तुकडा काढायचा की ठेवायचा यावर आम्ही रात्र रात्र भांडलो. तो किडा सॉफ्टवेअरने मेला नाही.

ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी सांगतो, कारण आईला ते चौथ्यांदा समजावून झालंय. रेसिंगच्या बंद ट्रॅकवर दिवसाचं शुल्क भरून आपली गाडी चालवायची. समोरून वाहन नाही, गाय नाही, खड्डा नाही. नंबर नाही, बक्षीस नाही. आणि तिथे हलक्या गाडीची खरी किंमत कळते. एकाच वेगाने वळणावर आलेल्या दीड टनाच्या आणि पाऊण टनाच्या दोन गाड्या घ्या. दुसरीच्या ब्रेकला निम्मीच ऊर्जा जिरवावी लागते. टायर कमी झिजतात, ब्रेक पॅड जास्त दिवस टिकतात, म्हणजे पगारदार माणसाला हा नाद परवडतो. भारी गाडी इंजिनाच्या जोरावर तुमच्या चुका झाकते. हलकी, अशक्त गाडी वळणात एकदा वेग घालवलात की तो परत देत नाही.

जगात अशा गाड्यांची नावं ठरलेली आहेत. १९८९ ची माझदा एमएक्स-५, एक टनाच्या आत. १९९६ ची लोटस इलिस, सव्वासातशे किलोच्या आसपास, ॲल्युमिनियमचे भाग चक्क चिकटवून केलेला सांगाडा. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मुलांना या जुन्या बाजारात मिळतात. आपल्याला नाहीत. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि वर शुल्क इतकं की विषय तिथेच संपतो. आपल्याकडची शहाणी मुलं जुनी स्विफ्ट घेतात. २०१८ नंतरची पेट्रोल स्विफ्ट नऊशे किलोच्या आत भरते आणि तिचे पार्ट गल्लीत मिळतात. कुणी माझा सल्ला विचारला तर मी स्विफ्टच सांगेन.

मला मात्र सॅन स्टॉर्म हवी होती. तिशीच्या आतल्या वाचकांनी हे नाव ऐकलं नसेल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने ही उघड्या टपाची गाडी बाजारात आणली. कारखाना गोव्यात, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ६० अश्वशक्ती, फायबरग्लासची बॉडी. गोव्यात बनलेली स्पोर्ट्स कार! मोजक्याच रस्त्यावर आल्या, त्यातल्या मोजक्याच टिकल्या. लहानपणी मी एक मिरामारला पाहिली होती, लाल. तिच्यात बसलेल्या माणसाचा चेहरा आठवत नाही, पण त्याचं कोपर दारावर कसं टेकलं होतं ते आठवतं.

दीड वर्ष शोधल्यावर एक भावनगरात निघाली.

बायकोने तीन अटी घातल्या. मुलीच्या शिक्षणाच्या पैशाला हात लावायचा नाही. उघड्या गाडीत डोक्यामागे रोल बार बसवल्याशिवाय ट्रॅकवर जायचं नाही. आणि गाडी बाबांनी तपासून हो म्हटलं तरच घ्यायची. पहिल्या दोन मी लगेच मान्य केल्या. तिसरीवर गप्प बसलो, कारण बाबांनी आयुष्यात कशालाही पटकन हो म्हटलेलं नाही. शिवाय तिने विम्याची पॉलिसी काढून एका ओळीवर बोट ठेवलं: शर्यत, वेगाची चाचणी वगैरेंसाठी गाडी वापरली तर भरपाई नाही. आपल्या सगळ्यांच्या मोटार पॉलिसीत ही ओळ असते. ज्यांना हा नाद लावून घ्यायचाय त्यांनी ती आधी वाचावी.

भावनगर सुरतेपासून रस्त्याने ३७० किलोमीटर, पूर्ण खंभातच्या आखाताला वळसा. समुद्रातून ९० किलोमीटर. नोव्हेंबर २०२० पासून हजीरा–घोघा रो-पॅक्स फेरी आहे. त्याआधी २०१७ मध्ये ती दहेजहून सुरू झाली होती, पण नर्मदेच्या मुखातल्या गाळाने तिला टिकू दिलं नाही, म्हणून हजीरा. सुरतेत सौराष्ट्रातली माणसं किती आहेत हे बघायचं असेल तर हिऱ्यांच्या बाजारापेक्षा या बोटीवर जा. डब्यात थेपले, मांडीवर झोपलेली पोरं, आणि वरच्या डेकवर गाठिया खात उभे असलेले सगळे काका. खाली ट्रक, त्यावर मोटारी. आम्ही दोघं जाताना पायीच चढलो. पाणी पूर्ण चहाच्या रंगाचं. या आखाताची भरती-ओहोटी देशात सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, त्यामुळे तळातला गाळ कधी खाली बसतच नाही.

घोघा उतरताना शेजारच्या आजोबांनी गुजरातीतली म्हण ऐकवली, ‘लंका नी लाडी ने घोघा नो वर’. लंकेची नवरी आणि घोघ्याचा नवरा, इतका या बंदराचा एकेकाळी दूरवर संबंध. मला ती शुभशकुनासारखी वाटली. आम्हीही एका अर्थी मुलगी बघायलाच चाललो होतो.

मालक सत्तरीचे, निवृत्त. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, पांढऱ्या चादरीखाली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी लागणारं नोंदणीचं नूतनीकरण त्यांनी एकदाही चुकवलेलं नव्हतं, सगळे कागद पिशवीत क्रमाने. चादर काढली. लाल नव्हती, पिवळी होती. मी इंजिनकडे गेलो, बाबांनी शर्ट काढून खुंटीला टांगला आणि बनियनवर गाडीखाली गेले.

इथे एक उपयोगी गोष्ट सांगतो. फायबरग्लासची बॉडी गंजत नाही, म्हणून लोक अशा गाडीला निर्धास्तपणे घेतात. पण बॉडी म्हणजे अंगरखा. भार पेलतो तो खालचा पोलादी सांगाडा, आणि समुद्राजवळच्या गावात त्याला खारी हवा खात असते. वरून गाडी नव्या नवरीसारखी आणि खाली चाळण, असंही होतं. सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलेलं असतं त्या जागा आधी बघायच्या. तिथला जोड ट्रॅकवर सुटला तर पुढे काय होतं ते लिहीत नाही, हा अंक बायकोही वाचते.

बाबांनी चाळीस मिनिटं छोट्या हातोडीने टकटक करत ऐकलं. सांगाडा ठणठणीत बोलत होता. मग आवाज बदलला. बाहेर येऊन त्यांनी मालकांना विचारलं, डाव्या मागच्या चाकाला कधी ठोकर बसली होती का? बसली होती, दहा-बारा वर्षांपूर्वी, कुठल्याशा गॅरेजात जोड मारून घेतला होता. मग बाबांनी मालकांची परवानगी घेऊन तेवढा रंग खरवडला आणि डिझेल व खडू मागितला. कारखान्यात भेगा बघायला लाल रंगाचं पेनिट्रंट असतं, पण त्याच्याही आधी रेल्वेच्या वर्कशॉपमधली माणसं तेल आणि खडूनेच एक्सल तपासायची. डिझेल लावायचं, भेगेत मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं, वरून खडूची पूड. भेग असेल तर आतलं डिझेल हळूहळू खडूत उतरतं.

आम्ही तिघं उकिडवे बसून एका पांढऱ्या ठिपक्याकडे बघत होतो. पाच मिनिटांनी त्यात केसाइतकी ओली रेघ उमटली. बोटाच्या पेराएवढी लांब.

कुणीच काही बोललं नाही. दीड वर्ष माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मालक आत गेले, पाणी घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘भाई, आ तो दीकरी छे. खोट होय तो कही ने आपवी पडे.’’ मुलगी आहे, उणीव असेल तर सांगूनच द्यायला हवी. आणि आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांनी स्वतःच किंमत उतरवली. किती ते विचारू नका, कारण वर लिहिलंय तेच.

मी बाबांकडे बघितलं. त्यांचं उत्तर अगदी त्यांचंच होतं. ‘‘मूळ सांगाडा चांगला आहे. वाईट आहे तो नंतरचा जोड. तो कापून नवा मारता येईल. हे दिसलं म्हणून घे. दिसलं नसतं तर नको म्हटलं असतं.’’

भावनगर ते घोघा मी गाडी चालवली आणि बाबा शेजारी कान लावून बसले. चाळीसच्या वर गेलो तर उतरून रिक्षाने येईन, असं त्यांनी निघतानाच सांगितलं होतं. फेरीच्या रॅम्पवर पुढचा खालचा ओठ टेकायला लागला, तेव्हा बोटीवरच्या पोरांनी कुठूनशा दोन फळ्या आणून तिरक्या टाकल्या आणि शिट्टी मारत गाडी आत घेतली. मोठमोठ्या ट्रकांच्या मागे ती कुणी खेळणं विसरून गेल्यासारखी उभी होती. वर डेकवर बाबा गाठिया खात होते. मी म्हटलं, वाईट वाटलं का तुम्हाला, इतका खर्च? ते म्हणाले, ‘‘तीस वर्षं दुसऱ्यांचे जोड तपासले. घरचं काही तपासायला मिळालं नव्हतं.’’ नंतर बराच वेळ ते पाण्याकडे बघत राहिले.

हजीरा समुद्रातून बघावा. रस्त्याने येणाऱ्याला फक्त कुंपणं आणि ट्रक दिसतात. पाण्यावरून आधी चिमण्या दिसतात, मग धक्क्यांवरच्या क्रेन, मग संध्याकाळ झाली की गॅसच्या ज्योती. बाबा एकेक शेड बोटाने दाखवत होते, कुठल्या साली कुठे काय उभं राहिलं. ते आले तेव्हा इथे बाभळी आणि खाजण होतं, असं मी लहानपणापासून ऐकतोय, पण तो किनारा एका दृष्टिक्षेपात बघताना पहिल्यांदा ते खरं वाटलं.

उतरल्यावर मी हट्टाने गाडी एका वजनकाट्यावर नेली. इथे दर किलोमीटरला ट्रकांचे काटे आहेत. काटेवाल्याने स्क्रीनकडे बघितलं, बाहेर येऊन गाडीकडे बघितलं, परत आत जाऊन बघितलं. एक टनाच्या बरंच खाली. ‘‘खाली छे?’’ त्याने विचारलं. रिकामीच आहे, म्हटलं, आम्ही दोघं उतरलोय. पावती मात्र त्याने रीतसर फाडली, चाळीस टनांच्या ट्रकाला देतात तशीच. ती मी फ्रिजवर लावली आहे.

पुढचं काम बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याने केलं. आम्ही त्यांना वेल्डरकाका म्हणतो. ज्या हातांनी हातभर जाडीच्या पोलादाचे जोड भरले, त्यांनी माझ्या गाडीचा बोटभर जोड कापून नवा मारला, आणि एवढ्याशा कामासाठी दोन दिवस घेतले. पातळ पत्रा जास्त अवघड, म्हणाले, जाडाला उष्णता पचते. रोल बारही त्यांनीच बिनजोड पाइपाचा केला. वजन कमी करायला निघालेल्या गाडीत पहिली भर पडली ती वजनाचीच, पण डोक्याच्या वर दुसरं काही नसताना तिथे किलो मोजायचे नसतात. बार नटबोल्टने काढता-घालता येतो, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. रस्त्यावर तो गॅरेजात, ट्रॅकवर गाडीत.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मी हजीऱ्यातल्या पोलादी मळीच्या रस्त्यावर मारली. पोलाद गाळल्यावर उरणारी मळी खडीऐवजी वापरून २०२२ मध्ये हा सहा पदरी रस्ता झाला, लांबी जेमतेम एक किलोमीटर, देशातला अशा प्रकारचा पहिला. पहाटे साडेपाचला ट्रक कमी असतात. पन्नासच्या वेगाने गेलो आणि परत आलो, बस्स. रस्त्यावर वेग दाखवणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि हजीऱ्यात तर तो सरळ मूर्खपणा आहे.

ट्रॅकसाठी लांब जावं लागतं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून लांब आहे, पण तिथे साठ अश्वशक्तीला सरळ रस्ता संपता संपत नाही, आणि दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा नियम वेगळाच जाच आहे. कोल्हापूरचा मोहित्यांचा ट्रॅक जवळचा, पण तो कार्टिंगचा. मग कोईमतूरची करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर, वळणावळणांची. हलक्या रेसिंग गाड्या आपल्याच देशात बांधणाऱ्या एस. करिवर्धन यांच्या नावाची. मारुती ८०० चं इंजिन बसवलेली त्यांची ‘फॉर्म्युला मारुती’ चालवून कितीतरी मुलं शिकली, नारायण कार्तिकेयन त्यांतलाच. सुरतेचं कापड रोज दक्षिणेत जातं. त्याच ओळखीतून एका बंद ट्रकात गाठोड्यांच्या मागे माझी पिवळी गाडी कोईमतूरला गेली. मी आणि बाबा रेल्वेने.

दिवसभरात वीस-वीस मिनिटांच्या चार फेऱ्या झाल्या. सरळ रस्त्यावर मला सगळ्यांनी मागे टाकलं, एका मुलाच्या खाजगी क्लासच्या स्टिकरवाल्या ऑल्टोनेसुद्धा. वळणात मात्र गाडी अशी वळायची, जशी तिला आधीच सांगून ठेवलंय. तिसऱ्या फेरीत मला मागच्या चाकांचं सरकणं कमरेत कळायला लागलं. चौथीत ते होण्याआधी कळलं. बाबा पिटच्या कठड्याला टेकून उभे होते आणि दर फेरीला हात न हलवता फक्त डाव्या मागच्या चाकाकडे बघत होते.

हजीऱ्याला परत आल्यावर त्यांनी गाडी वेल्डरकाकांच्या शेडमध्ये चढवून घेतली. या वेळी खऱ्या सामानानिशी. जोड साफ केला, लाल पेनिट्रंट मारलं, पंधरा मिनिटं घड्याळ लावलं, फडक्याने पुसलं, वरून पांढरं डेव्हलपर फवारलं. बायकोही आली होती, मुलीला कडेवर घेऊन. पुन्हा सगळे उकिडवे बसून एका पांढऱ्या ठिपक्याकडे बघत राहिलो. दहा मिनिटांनी तो पांढराच होता. बाबांनी भिंग लावून अजून एकदा बघितलं, टॉर्च बंद केली आणि म्हणाले, ‘‘पुढच्या खेपेआधी मागचे बुश बदल. आवाज येतोय.’’